डावा गुडघा : नॉर्मल

पोस्टरवरचा मुलगा माझ्यासमोर टेबलावर उताणा पडला होता आणि त्याचा डावा गुडघा माझ्या हातात होता. मागे रांगेत वीसेक मुलं. बाजूला क्लिनिकचा मालक ग्रेग, हातात क्लिपबोर्ड घेऊन घड्याळ बघत होता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तेव्हा ॲरिझोनात, चँडलरला, ग्रेगकडे नोकरी करत होते. इराकचं युद्ध सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. जखमी होऊन परतलेल्या सैनिकांच्या कुटुंबांना मदत म्हणून आमच्या भागातल्या हायस्कूलच्या निवडक खेळाडूंची फुटबॉल मॅच ठरली होती. हा अमेरिकन फुटबॉल, पायापेक्षा अंगाने जास्त खेळायचा. खेळाडूंची मेडिकल तपासणी आमचं क्लिनिक फुकट करून देणार होतं. शाळेच्या जिममध्ये टेबलं मांडली होती. एकावर ब्लडप्रेशर, एकावर डोळे, माझ्याकडे गुडघे आणि घोटे. शेवटच्या टेबलावरचे डॉक्टर सगळ्यांचे शेरे वाचून सही करणार.

मुलाचं नाव कायल. वय अठरा. मॅचनंतर महिन्याभरात तो मरीन्स या सैन्यदलाच्या ट्रेनिंगला जाणार होता, म्हणूनच मॅचच्या पोस्टरवर त्याचा फोटो होता.

दहाच मिनिटांपूर्वी त्याच्या आईने मला पाण्याच्या नळापाशी गाठलं होतं. डॉना तिचं नाव. अंगात सुपरमार्केटचा युनिफॉर्म, कामावरून तशीच आलेली.

"कायलचा डावा गुडघा दोनदा निसटलाय. एकदा तर घरात, जिन्यावर. तो तुम्हाला सांगणार नाही."

"डॉक्टरना दाखवलात?"

"आमच्याकडे इन्शुरन्स नाही. तुम्ही फक्त नीट तपासा. दुसरं काही मागत नाही."

गुडघ्यात एसीएल नावाचा दोरीसारखा पट्टा असतो. नडगीचं हाड पुढे सरकू नये म्हणून तो धरून ठेवतो. तपासायची पद्धत सोपी आहे. गुडघा जरासा वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. पट्टा शाबूत असेल तर दोरी ताणली गेल्यासारखा हिसका लागतो आणि हाड थांबतं. उजवीकडे थांबलं. डावीकडे सरकत गेलं, हिसका लागलाच नाही.

मी पेन उचललं.

"मॅम, परत करता का? मी रेडी नव्हतो."

"यात रेडी काय व्हायचंय?"

"प्लीज, मॅम."

ग्रेग जवळ आला. "काय मीना, सगळं ठीक ना? लोक याला बघायला येणारेत. आमच्या हिरोला घरी पाठवू नकोस हं!"

तो हसत बोलला. पण माझ्या ग्रीन कार्डची फाइल त्याच्या सहीसाठी थांबली होती आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी परत तपासलं. या वेळी हाड थांबलं. का थांबलं तेही कळलं. मांडीच्या मागचा स्नायू माझ्या बोटांखाली दगडासारखा कडक झाला होता. कायलने तो आवळून धरला होता. असा आवळला की फाटका पट्टाही शाबूत वाटतो. फिजिओथेरपीच्या मुलांना हे सुरुवातीलाच शिकवतात. "पाय सैल सोड," एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. फॉर्मवर लिहिलं : डावा गुडघा, नॉर्मल. डॉक्टरांनी सही केली. ती माझ्या शब्दावर.

मनाची समजूत घालायला कारणही सापडलं. मुलगा युद्धावर जाऊ नये असं त्या बाईला वाटत असणार, म्हणून गुडघ्याचं निमित्त सांगतेय.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. शिरीष चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याने पोळी मोडता मोडता विचारलं, "मग तिसरं रीडिंग काय आलं?"

"कुठलं तिसरं?"

"अगं, दोन रीडिंग जुळली नाहीत तर आमच्याकडे तिसरं घेतात."

"तुमच्या चिपच्या मागे रांग नसते. आणि तुमच्या चिपचं पोस्टर लावलेलं नसतं."

"म्हणजे घेतलं नाहीस," तो म्हणाला आणि भाजी वाढून घेतली.

मॅचला अजून तीन दिवस होते. डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला नाही.

मॅचच्या संध्याकाळी मी मैदानाच्या कडेला बर्फाच्या पिशव्या घेऊन उभी होते. आधी राष्ट्रगीत झालं. व्हीलचेअरवरच्या एका सैनिकाने नाणं उडवलं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये कायलला बॉल मिळाला. त्याच्या आसपास कोणी नव्हतं. त्याने डाव्या पायावर गिरकी घेतली आणि खाली बसला. कोणी धक्का मारला नव्हता, त्यामुळे लोकांना आधी कळलंच नाही. त्याला गाडीवरून बाहेर नेताना सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या. न वाजवणं बरं दिसलं नसतं.

एसीएल पूर्ण तुटला होता आणि आतली गादीही फाटली होती. मॅचसाठी काढलेल्या विम्यातून ऑपरेशन झालं. मरीन्सनी त्याला घेतलं नाही.

ऑपरेशननंतरचे व्यायाम करायला तो आमच्याकडेच आला. पहिल्या दिवशी सोबत डॉना होती. मी चार्ट भरायला घेतला.

"आधी कधी दुखापत झाली होती?"

डॉनाने कायलच्या दंडाला धरून हलवलं. "सांग ना आता! या बाईंना फसवलंस तू. मी यांना मुद्दाम सांगून ठेवलं होतं, यांनी नीट तपासलं, आणि तू काय केलंस? घरी फुशारकी मारत होतास, पाय आवळून धरला म्हणून. तुझ्यामुळे यांची नोकरी गेली असती. सॉरी म्हण."

कायलने माझ्याकडे पाहिलं. पहिल्या तपासणीनंतर मी पेन उचललेलं त्याने पाहिलं होतं. दुसऱ्या वेळी माझी बोटं त्याच्या स्नायूवर किती वेळ थांबली तेही त्याला ठाऊक होतं. तो आईसमोर बोलला असता तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं.

"सॉरी, मॅम," तो म्हणाला.

मी म्हटलं, "इट्स ओके."

आणि चार्टमध्ये लिहिलं : पेशंटने आधीची दुखापत लपवली.

सात महिने त्याच्याकडून व्यायाम करून घेतले. गुडघा चालण्यापुरता चांगला झाला. तो विषय आम्ही दोघांनीही पुन्हा काढला नाही. नंतर तो टायरच्या दुकानात कामाला लागला. ओळखीचे म्हणतात, "बरंच झालं की, इराकला तरी गेला नाही." असेल. पण कुठे जायचं ते त्याने ठरवलं होतं, आणि त्याच्या आईने माझ्याकडे फक्त नीट तपासणी मागितली होती. त्या 'बरं झालं' मध्ये माझा वाटा नाही.

आमच्या कामात एक नियम आहे : चार्टमध्ये जे लिहिलेलं नाही, ते घडलेलंच नाही. त्या गुडघ्याबद्दल मी दोनदा लिहिलं, आणि दोन्ही वेळा खोटं. खरं काय ते आज पहिल्यांदा लिहितेय. कायलला त्याचा काही उपयोग नाही.