गुरगुरणारा अँप आणि मागल्या दारचा राखणदार

माझा अँप, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, गुरगुरायला लागला तो दिवाळीनंतर. आधी बारीक, शेजारच्या घरात कोणी मिक्सर लावावा इतका. शिमगा जवळ आला तशी गुरगुर एवढी वाढली की गिटार वाजवायची गरजच उरली नाही. नुसतं बटण दाबलं की माजघरातून सासूबाई विचारायच्या, "झाला काय गो सुरू तुजा?"

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि चाळिशी उलटल्यावर गिटार शिकले. या दोन्ही गोष्टींचं आमच्या गावात फारसं कौतुक नाही. कौतुक होतं ते सासऱ्यांना. मामंजी लाईनमन होते. निवृत्त झाल्यावर गोव्यातल्या कुठल्याशा हॉटेलच्या बँडने टाकून दिलेला हा अँप त्यांनी एसटीतून मांडीवर घेऊन आणला, आठवडाभर पडवीत त्यात डोकं घालून बसले, आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "वाजव." मला तेव्हा तीनच कॉर्ड येत होते. ते तिन्ही त्यांनी डोळे मिटून ऐकले. पुढे रोज संध्याकाळी ऐकायला बसायचे. ते गेले त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं.

घरातलं वायरिंगही त्यांच्याच हातचं. लाकडी पट्टी, पट्टीवर वायर, दर चार बोटांवर एक क्लिप, आणि एकही क्लिप वाकडी नाही. नवरा म्हणाला, जुनं वायरिंग आहे, त्याचीच ही गुरगुर. त्याने ओरोसहून एक वायरमन बोलावला. वायरमनने दोन मिनिटं वासे बघितले आणि सांगितलं, "सगळा काढूक व्हया." पाडव्यानंतरचा सोमवार ठरला.

मला संताप आला. मामंजींच्या हातचं घरात एवढंच उरलं होतं, आणि तेही माझ्या तीन कॉर्डांपायी उपटलं जाणार होतं. दोष कुठे आहे ते सोमवारच्या आत मला शोधायचं होतं. हातात नऊ दिवस होते.

केबल बदलली. ट्यूबलाईट बंद केली, पंखे बंद केले, मग फ्रिज बंद केला आणि चालू करायला विसरले. त्यातल्या बांगड्यांचं काय झालं ते सासूबाईंनी मला ऐकवलं, शेजारणीलाही ऐकवलं. अँप रिक्षात घालून शाळेत नेला. प्रयोगशाळेत तो शहाण्यासारखा गप्प. म्हणजे अँप ठीक, घरात काहीतरी बिघडलेलं. आणखी एक खूण होती. तारांना बोट लावलं की गुरगुर कमी, उचललं की पुन्हा हजर. माझ्या दहावीच्या वर्गातल्या कुठल्याही हुशार मुलीने तिथेच सांगितलं असतं, बाई, अर्थिंग बघा. मला ते सुचायला पाच दिवस लागले.

मामंजींचा टेस्ट लॅम्प खिळ्याला तसाच होता. एक होल्डर, एक बल्ब, दोन वायरी. तो कसा लावायचा ते त्यांनीच मला शिकवलं होतं. रबरी चपला घालून एक टोक फेजला लावलं, दुसरं अर्थिंगच्या भोकात. बल्ब लख्ख पेटायला हवा होता. आतली तार नुसती तांबूस झाली. अर्थिंग गेलं होतं.

मीटरबोर्डापासून अर्थिंगची उघडी तार धरून निघाले. भिंतीतून बाहेर, जोत्याच्या कडेने, मिरवेलीच्या मागून थेट मागल्या दारी. तिथे ती माझ्या टाईल्सखाली शिरली होती.

या टाईल्सबद्दल सांगायला हवं. मागल्या दारी जास्वंदीखाली आमच्या घराच्या राखणदाराचा दगड होता. सासूबाई रोज सकाळी त्याच्यावर कळशीभर पाणी ओतून फूल ठेवायच्या, आणि शिमग्याला दोन मुठी मीठ. आमच्या राखणदाराक मीठ लागता, असं मामंजी सांगत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे बघत होते, त्यात विचारण्यासारखं काय होतं. मामंजींच्या वर्षश्राद्धानंतर मला पुण्य करायची हुक्की आली. तिथल्या चिखलात सासूबाई घसरतात म्हणून चतुर्थीच्या आधी मी दगडासकट सगळ्यावर सिमेंटचा ओटा घालून घेतला आणि न्हाणीघराच्या उरलेल्या निळ्या फुलांच्या टाईल्स बसवल्या. सासूबाईंचे डोळे भरून आले होते. तेव्हापासून त्यांचं कळशीभर पाणी टाईल्सवरून घरंगळून गटारात जात होतं.

अर्थिंगची प्लेट किंवा पाईप कोळसा आणि मिठात पुरतात आणि जमीन ओली ठेवतात, हे मी अठरा वर्षं शिकवते आहे. त्यात आमची जमीन जांभ्याची. पाऊस संपल्यावर वरचं पाणी तोडलं की दिवाळीपासून सुकत जाते आणि माघात ठणठणीत कोरडी होते.

नवऱ्याला म्हटलं, ओटा फोड. वायरिंग उपटायला निघालेला माणूस राखणदाराचं नाव काढताच मागे सरला. शेवटी सासूबाईंना सगळं सांगून मीच छिन्नी घेतली. टाईल्सखाली दगड, दगडाखाली पाईपाचं तोंड, त्याला आवळलेली तार, भोवती कोळसा. सासूबाई वाकून बघत राहिल्या. त्यांना उलगडायला माझ्यासारखे पाच दिवस लागले नाहीत.

"चाळीस वर्सां मी तारेक हात जोडलंय," त्या म्हणाल्या.

मी मामंजींची बाजू घ्यायला गेले. म्हटलं, अर्थिंगला रोज पाणी घाला म्हणून सांगितलं असतं तर आठ दिवसांत सगळे विसरले असते. राखणदाराला कोणी विसरत नाही.

"माका सांगल्यानी असता, तरी मी घातलाच असता," त्या म्हणाल्या. मग बाजूला काढलेल्या दगडाकडे बघून, "मेलो खोटारडो."

मामंजी गेल्यापासून त्या आमच्यासमोर एकदाही रडल्या नव्हत्या. त्या दिवशी फुटक्या टाईल्सवर बसून रडल्या. मीही हातात छिन्नी घेऊन रडले.

मग उठून त्यांनीच कळशी आणली. तीन दिवस त्या सकाळ-संध्याकाळ पाणी ओतत होत्या, तेही रागारागाने. फूल मात्र ठेवलं नाही. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, बल्ब लख्ख पेटला. नवऱ्याने वायरमनला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं, आणि पट्ट्या अजून चांगल्या आहेत असंही सांगितलं, जसं काही आधीपासून तेच त्याचं म्हणणं होतं.

मी अँप मागल्या दारी आणून लावला. एवढासुद्धा आवाज नाही. सासूबाई कळशी घेऊन आल्या, पाणी ओतलं, आणि परडीतून जास्वंदीचं एक फूल काढून पाईपाच्या तोंडाशी ठेवलं.

"आता फूल कोणाला, आई?"

"पाणी तारेक," त्या म्हणाल्या. "फूल तुज्या सासऱ्याक. वाजव आता."