तोंड फिरवणारा डॉक्टर

माझे बाबा, रुपराव, तांडापेठेत चाळीस वर्षांपासून बडगे करतात. आमचा हातमाग केव्हाच बंद पडला, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाईटाचं रूप म्हणून मिरवणूक काढून जाळायचा हा पुतळा, बडग्या, अजून आमच्याच अंगणात उभा राहतो. बांबूच्या कमच्या, रद्दी, चिकटवायला लई. चेहरा ते सगळ्यात शेवटी करतात, समोर आरसा ठेवून. पुतळ्याला जो भाव हवा तो आधी स्वतःच्या तोंडावर आणतात. वस्ती त्यांना कलावंत म्हणते. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण माझा भाऊ संजीव. जन्मतःच त्याचा ओठ फाटलेला होता. ऑपरेशन झालं, तेही धड झालं नाही. तो सहा वर्षांचा असताना बाबांनी त्याला कामठीला मामाकडे पाठवलं, आणि बत्तीस वर्षांत एकदाही बघायला गेले नाहीत. पाहुण्यांना सांगायचे, एकच पोरगी आहे. आई झुरून गेली. मी दर महिन्याला कामठीला जाते. परत आल्यावर बाबा तो कसा आहे एवढंही विचारत नाहीत.

यंदा मंडळाच्या सुशीलला भुताचा बडग्या हवा होता. एका जुन्या काळ्या-पांढऱ्या इंग्रजी भयपटातलं भूत. नमुना दिसावा म्हणून शेजारच्या माया टीचरनी तो सिनेमा लॅपटॉपवर लावला. त्यात एक डॉक्टर मुडद्यांचे तुकडे शिवून माणूस तयार करतो, तो जिवंत झाल्यावर आनंदाने नाचतो, मग त्याचं तोंड बघून पळतो. शेवटी गाव त्या जिवालाच पेटवून देतं.

टीचर ख्रिस्ती. त्या म्हणाल्या, "हे आमच्या बायबलच्या उलटं आहे. देवाने मातीचा माणूस केला, नाकात श्वास फुंकला, त्याच्याकडे बघितलं आणि चांगलं झालंय म्हणाला. पुढे चुकले म्हणून बागेतून काढलं, पण आधी अंगावर घालायला कपडे करून दिले. या डॉक्टरने काय दिलं?"

बाबा पेटले. सुशीलला म्हणाले, "त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा गा? ज्यानं बनवला त्यानंच तोंड फिरवलं. जाळाचं असन तं त्याले जाळा. मी डॉक्टरच करतो."

"पब्लिकले भूत पायजे, काका. डॉक्टरले कोन ओळखते?"

"मंग दुसऱ्याकडून करून घे."

दुसरा कुणी नव्हताच. सुशील कबूल होऊन गेला. मी आत दात-ओठ खात बसले. सिनेमातल्या भुतासाठी या माणसाला एवढी कणव.

चेहऱ्याच्या दिवशी मी चहा घेऊन अंगणात गेले आणि जागीच थांबले. पुतळ्याचं आकसलेलं नाक, घट्ट मिटलेले ओठ, बाजूला वळवलेले डोळे. हे तोंड मी नऊ वर्षांची असताना पाहिलं होतं.

"हे कोनाचं तोंड आहे, बाबा?"

"डॉक्टरचं."

"आरशात पाहा. संजीव मामाच्या गाडीत बसून रडून राहिला होता, तवा तुमचं तोंड असंच होतं."

त्यांनी आरशात पाहिलं. पुतळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू मले आंधी काहून नाही सांगतलं?"

मला त्यांच्या अंगावर चहा फेकावासा वाटला. "बत्तीस वर्षं झाले, सांगूनच राहिली मी."

त्यांनी तो चेहरा बदलला नाही. मिरवणुकीत लोक हसले, बडग्या रुपरावसारखाच दिसतो म्हणाले. बाबा मान खाली घालून त्याच्यामागे चालले आणि तो जळेपर्यंत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर कामठीच्या बसमध्ये बसले.

संजीव पावरलूमवरून तसाच बाहेर आला, केसांत कापसाचा भुगा. बाबांनी हात जोडले.

"माफी मागाले आले असान तं ते नाही भेटनार," संजीव शांतपणे म्हणाला. "जेवून जा."

तो पुन्हा कामावर गेला. बाबा ओट्यावर बसून मोठ्याने रडले. मी त्यांना गप्प केलं नाही.