रक्तवाढीची बाटली

ये गौरी, जवळ ये. हे पत्र उभ्या उभ्या नको वाचू, बस जरा. फोन काहून उचलत नाहीस गं? तुझी आई नागपुरात रडून राहिली. म्हणते, मावशी, ही होस्टेलवर मनाच्या गोळ्या क्रीमच्या डबीत लपवते, मैत्रिणींना कळू नये म्हणून. रागावणार आहे मी तुझ्यावर. पण आधी माझं ऐक. हेच लपवणं मीही केलं आहे.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. साहेबांच्या बंगल्यावर. आमचे हे त्याच साहेबांच्या फॅक्टरीतून मजूर म्हणून रिटायर झाले, आणि बाईसाहेबांचे ब्लाऊज वीस वर्षं माझ्या मशीनवर शिवले गेले. मी रेवाला, माझ्या नातीला, सोबत नेलं. बाईसाहेबांनी मला हळद लावली, कुंकू लावलं, वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. मग कुंकवाचं बोट रेवाच्या कपाळाकडे गेलं.

आणि थांबलं.

"काकू, हिला काहून आणलं? ती मेंटलवाली ओपीडी आहे ना, तिथल्या लाइनीत दिसली होती म्हणे ही. बुरा मत मानना, पण घरात मुली आहेत माझ्या."

दहा-बारा बायका बसल्या होत्या. एक तर मांडी आवरून सरकली. जणू ताप होता, उडून लागेल.

आणि मी काय केलं, सांगू? हसले. म्हटलं, "नाही हो, रक्त कमी आहे तिचं."

डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत रेवाचा नंबर दुसऱ्यांदा हुकला होता. ज्याचा फोन येई तो विचारी, "कितने आए?" मोबाइलवर बरोबरीच्या पोरींचे हारतुरे. आणि घरात मी! "ती सक्सेनांची पोरगी बघ, एकदाच बसली आणि निघाली." रोज म्हणायची मी. पोरीने जेवण सोडलं, बोलणं सोडलं. एक दिवस म्हणाली, "आजी, मी नसते तर बरं झालं असतं." तेव्हा माझे डोळे उघडले. सरकारी दवाखान्यात नेलं, औषध सुरू झालं. पण शेजारीण आली-गेली तर काय म्हणेल, म्हणून त्या गोळ्या मी रक्तवाढीच्या जुन्या बाटलीत भरून ठेवल्या. मी स्वतः. माझ्या हाताने.

बंगल्याच्या फाटकापाशी रेवा थांबली. मग हळूच म्हणाली, "आजी, तुलापण माझी लाज वाटते ना?"

त्या बाईचं बोट विसरले असते गं मी. हे नाही विसरता आलं.

परत फिरले. चपला काढल्या, आत गेले. वाटी तबकात ठेवली.

"बाईसाहेब, मी खोटं बोलले. रक्त कमी नाही तिचं. मन आजारी आहे, औषध चालू आहे. हे तुमचं वाण."

"अरे काकू, इतना क्या दिल पे लेना!"

"दिलावरच घेणार. दुखणं तिथंच आहे आमच्या घरी."

दुसऱ्या आठवड्यात बंगल्यावरून ड्रायव्हर आला आणि कापून ठेवलेले चार ब्लाऊज तसेच घेऊन गेला. त्या बंगल्यांच्या लाइनीतलं सगळं काम गेलं. जाऊ दे. आता इथल्या गोहलपूर वस्तीतल्या पोरींचे सलवार-कुर्ते शिवते.

रेवा ठणठणीत झाली असं नाही सांगणार तुला. कधी दुपारपर्यंत उठत नाही. कधी नदीवर, ग्वारीघाटावर बसून नावाड्यांशी गप्पा मारते आणि हसते. दोन्ही दिवस माझेच. बाटली मी फेकली. गोळ्यांचं पाकीट आता शिलाई मशीनवर असतं, कैचीच्या बाजूला. गिऱ्हाईक विचारतं, "ये किसकी दवा है?" मी सांगते, "मेरी पोती की. मन की है." कोणी नाक मुरडलं तर माप घ्यायची टेप गुंडाळून ठेवते. ज्या घरात माझ्या पोरीच्या कपाळापाशी बोट थांबतं, त्या घराची चौकट मी मरेपर्यंत ओलांडणार नाही. आणि तिचं दुखणं पुन्हा खोट्या नावाने सांगणार नाही.

आता तू. ती क्रीमची डबी फेक. गाडीत बस आणि ये. येत्या सुट्टीतच, टाळू नको. रेवा स्टेशनवर येईल घ्यायला. गोळ्या पर्समध्ये वर ठेव, सगळ्यांना दिसतील अशा. मशीनवर रेवाच्या पाकिटाजवळ जागा करून ठेवली आहे. लवकर ये गं.