नुसता प्रसाद घेतलाय

भजनी मंडळात कुणाचा मुलगा परदेशी निघाला की सगळ्याजणी माझ्याकडे बघतात. आमच्या घरी व्हिसा आला एकच, पण किस्से मात्र पोतंभर साठले!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. यांची अंबडची कंपनी बंद पडली होती. मस्कतला फिटरचं काम ठरलं, फक्त मुंबईत मेडिकल पास व्हायचं होतं. मी सोळा सोमवार धरले. एकुलता एक मुलगा निघालेला, तरी सासूबाई चकार शब्द बोलल्या नाहीत.

*

मेडिकलला उपाशीपोटी बोलावलं होतं. सासूबाईंनी देवापुढचे चार पेढे पिशवीत बांधून दिले आणि दवाखान्याच्या दारातच खायला सांगितले. डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लंय का? हे म्हणाले, "नाही साहेब, नुसता प्रसाद घेतलाय."

शुगर वाढलेली. शिक्का बसला, अनफिट!

*

एजंट म्हणाला, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करा. मी कारल्याचा रस सुरू केला. हे काही केल्या पिईनात. मग मी तो आधी देवाला दाखवू लागले. प्रसादाला नाही कसं म्हणणार? डोळे मिटून प्यायचे आणि म्हणायचे, "देवाची कमाल आहे बुवा."

*

रोज सकाळी नदीवर, आमच्या गंगेपर्यंत, पायी जायचं ठरलं. एकदा शर्टावर जिलेबीच्या पाकाचा डाग दिसला. दुसऱ्या दिवसापासून लक्ष ठेवायला सासूबाईंना सोबत धाडलं.

आठवडाभरात डाग त्यांच्याही पदरावर!

*

कंपनीला टाळं होतं, तरी हे रोज आठ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे. कामावर निघालेल्यांच्या सायकली बघत. एके दिवशी सासूबाई दारात बराच वेळ यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून जिलेबी बंद झाली.

*

दुसऱ्या मेडिकलच्या सकाळी सासूबाईंनी कपाळाला अंगारा लावला, बस्स. पेढे नाहीत. संध्याकाळी शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला, फिट!

सोळा सोमवारांचं उद्यापन केलं आणि नारळ घेऊन महादेवाला गेले. सासूबाईही आल्या. बघते तर त्यांच्याही पिशवीत नारळ.

"आई, तुम्हीही नवस बोलला होतात?"

"हो गं."

"मला बोलला नाहीत! पावला ना शेवटी?"

सासूबाईंनी नारळ देवापुढे ठेवला, पदर सावरला.

"हा मागच्या मेडिकलचा आहे," त्या म्हणाल्या. "फेडायचा राहिला होता."