शिरच्छेदी तलवारीचा आठवा नियम

शिरच्छेदी तलवारीचे नियम मी स्वतः लिहिले आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते. दर रविवारी दुपारी पंचवटीतल्या आमच्या घरी आम्ही चौघं जमतो. मी गोष्ट सांगते, बाकीचे तिघं त्या गोष्टीतले वीर होऊन काय करायचं ते ठरवतात, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. फासा स्टीलच्या ताटात, सगळ्यांसमोर टाकायचा. आमच्याकडे लपवाछपवी नाही.

या खेळाच्या छापील पुस्तकातली जादूची तलवार मला कधी पटली नाही. वीस पडले की समोरच्याचं मुंडकं उडालं, संपलं. एवढं मोठं शस्त्र आणि धन्याला त्याचा काही धाकच नाही? म्हणून मी वहीत माझे सात नियम लिहिले. मान नसलेल्या प्राण्यावर ती चालणार नाही. दहा तोंडांचा कुणी असेल तर एका वेळी एकच तोंड. आणि सातवा: म्यानातून निघाली की शीर घेतल्याशिवाय परत जाणार नाही, सूर्य मावळेपर्यंत कुणाचं मिळालं नाही, तर धन्याचंच घेईल.

आमच्यातला एक मित्र घोटीहून येतो, तांदळाचा व्यापारी आहे. त्याच्या वीराने तीन वर्षांच्या खेळानंतर ही तलवार मिळवली. गेल्या नवरात्रात नवमी रविवारी आली, म्हणून मी गोष्टीतही नवमी आणली. वीर एका ओसाड गढीत मुक्कामाला होते. आज काय करणार, असं मी विचारलं, तर हा पठ्ठ्या म्हणाला, "खंडेनवमी हाय ना ताई. तलवार काढतो, पाटावर ठेवतो, हळदकुंकू वाहतो." त्याच्या घरी त्या दिवशी विळे, कोयते, तराजू, सगळं पाटावर येतं. म्यानासकट पूजा करावी हे त्याच्या मनातही आलं नाही.

मी सातवा नियम वाचून दाखवला. गढीत शत्रू औषधालाही नव्हता आणि सूर्य कलला होता. बाकीचे दोघे म्हणाले, सणाचा दिवस आहे, सोडून द्या. मी नाही म्हटलं. त्या वीराबरोबर मीही तीन वर्षं काढली होती; पण आज सोडलं असतं तर उद्या माझ्या नियमांना कुत्रंही विचारलं नसतं. मित्राचं तोंड उतरलं. "ताईचं बरोबर हाय. चूक माझी. घेऊ द्या मुंडकं."

माझे बाबा गोदाकाठी यात्रेकरूंच्या पूजा सांगतात. आम्हाला ते राक्षसमंडळ म्हणतात. ते चहाचा कप घेऊन दारात उभे होते.

"परत वाच बघू," ते म्हणाले. मी वाचलं. "शीर माणसाचंच हवं, असं कुठे लिहिलंय? कोहळा द्या. नवमीच्या होमात मी जन्मभर कोहळ्याचाच बळी देत आलो. देवीने कधी तक्रार केली नाही."

मित्र हसला. मला हसू आलं नाही. "बाबा, मग हे गाडीभर कोहळे घेऊन फिरतील आणि रोज तलवार उपसतील. धाक कुठे राहिला?"

"अगं, नुसता कोहळा कापून भागत नाही. यजमानाला स्वतःचं काहीतरी सोडावं लागतं. काय, ते तू ठरव. नियम तुझे आहेत."

मी ठरवलं: कोहळा चालेल, पण त्यानंतर तलवार त्या धन्याच्या हातात साधी होईल. पुन्हा कुणाचं शीर उडवणार नाही. मित्राने ताटातला फासा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "कापतो कोहळा. तलवार भात कापायला तरी येईल." मी वहीत आठवा नियम लिहिला.

दसऱ्याला सुट्टी होती म्हणून पुन्हा जमलो, तर वही जागेवर नाही. शोधत देवघरापाशी गेले. पाटावर सरस्वती काढलेली पाटी, तिच्यामागे बाबांच्या पोथ्यांची चळत आणि सगळ्यात वर माझी वही. वहीवर अक्षता आणि झेंडूचं फूल. मी हात पुढे केला.

"आज उघडायची नाही," बाबा म्हणाले. "पूजेतली पोथी आहे."

आठही नियम मला तोंडपाठ होते. तरी त्या दिवशी मी खेळ बंद ठेवला.