मामांचा डावा पाय

"अरे, गळा आवळतोयस पायाचा!"

कुणी बुटाची लेस घट्ट ओढताना दिसलं की मामा एवढं म्हणायचे आणि समोरच्याला काही विचारायच्या आत त्याच्यापुढे उकिडवे बसून लेस सोडायला लागायचे. शिवाजी पार्कला सकाळी पळायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांचे बूट तरी त्यांच्या हातांखालून गेले असतील. असा एक माणूस तुमच्याही मैदानावर असेल. नसला तर तुमचं दुर्दैव.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. चाळिशी उलटल्यावर, वजन वाढलं म्हणून मी पळायला लागलो होतो. तिसऱ्या फेरीला उजव्या पायाची बोटं मेल्यासारखी झाली आणि मी घाबरून कट्ट्यावर बसलो. उडालेल्या रंगाची हाफ पँट घातलेला एक काटकुळा माणूस समोर येऊन बसला.

"मुंग्या, की बधिर?"

"बधिर."

त्यांनी पावलाच्या उंचवट्यावरचं एक भोक सोडून लेस पुन्हा ओवली. "आता बोटं हलव. आणि पुढच्या वेळी अर्धा नंबर मोठा बूट घे. पळताना पाय फुगतो बाबा. दुकानात बसून घेतलेलं माप काय कामाचं?"

आठवड्याभरात माझा पाय ठीक झाला. तेव्हापासून आम्ही रोज बरोबर पळू लागलो.

मामा लालबागला चाळीत राहायचे. वडील गिरणीत होते. मामा हिंदमाताला साड्यांच्या दुकानात. दिवसभर गादीवर मांडी घालून साड्या उलगडायच्या आणि घडी घालायच्या. "दिवसभर पाय मरून पडतात," ते म्हणायचे, "सकाळी त्यांना उठवायला येतो." अर्धी मॅरेथॉन त्यांची पाच-सहा वेळा पळून झाली होती. पूर्ण एकदाही नाही. "अर्धीनं पोट भरत नाही रे. एकदा पूर्ण पळायची, मग मामी म्हणेल तिथे बसून राहीन."

त्या वर्षी त्यांनी पूर्णची तयारी सुरू केली. आणि होळीनंतर कधीतरी पळता पळता थांबून म्हणाले, "डावा पाय झोपला."

आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्यांच्या लेस सोडणाऱ्याचाच पाय झोपावा! मी उकिडवा बसलो आणि त्यांनी मला शिकवलेलं सगळं त्यांच्यावर केलं. लेस सैल केली. भोक सोडून ओवली. पुढे पातळ मोजे झाले, जाड मोजे झाले. मोबाइलवर वाचून मी त्यांना मांडी घालून बसण्याचे तोटे सांगितले. शेवटी पुढे रुंद असलेले नवे बूट मीच आणून दिले. मामांनी ते घालून चार उड्या मारल्या. "मस्त! पायाला खोली मिळाली."

"बधिर वाटतंय अजून?"

"कमी आहे."

मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? माझा पाय असाच तर बरा झाला होता.

आज आठवतं, त्या दिवसांत ते सारखं पाणी प्यायचे. दोन बाटल्या घेऊन यायचे, त्याही पुरायच्या नाहीत. अंगावरचं होतं नव्हतं ते मांसही उतरलं होतं. आम्ही सगळे म्हणायचो, "मामा, काय फिट झालात!" आणि ते खूश व्हायचे.

एका रविवारी आम्ही दीड तास पळालो. कट्ट्यावर बसल्यावर माझं लक्ष त्यांच्या डाव्या बुटाकडे गेलं. पुढची जाळी लाल झाली होती.

"मामा, रक्त."

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं, कुणाचं म्हणून. मग बूट काढला. अंगठ्याखाली मोज्यातून आरपार टाचणी घुसली होती. साडीच्या घडीला लावतात तसली, बारीक डोक्याची. दुकानातून कधीतरी मोज्यात अडकून आली असणार.

"कधी घुसली रे?" त्यांनी मला विचारलं. मला!

मग त्यांनी ती उपसली. उपसताना ते पायाकडे पाहत नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. दुखायला हवं होतं का, हे जणू त्यांना माझ्याकडून कळणार होतं.

परळच्या हॉस्पिटलात मी बरोबर गेलो. साखर इतकी वाढली होती की डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "पाय बधिर कधीपासून?"

"आठ महिने झाले असतील," मामा म्हणाले.

"आठ महिने? मग आला का नाहीत?"

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "लेसचं वाटलं," ते म्हणाले.

मी खालच्या लाद्यांकडे बघत राहिलो. आता मज्जातंतूंचं फार काही परत येणार नाही, असलेलं जपायचं, असं बाई सांगत होत्या. जखम चिघळली. महिन्याभराने अंगठा काढावा लागला.

त्यानंतर मामा मैदानावर आले नाहीत. मी दोनदा त्यांच्या चाळीखालून परत फिरलो. तिसऱ्यांदा जिना चढलो.

संध्याकाळ होती. मामा खाटेवर पाय लांब करून बसले होते. मी "माझंच चुकलं" म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाले, "गप रे. चहा घे." मामींच्या हातात टॉर्च होता. रोज तळवे तपासायला सांगितले होते; कुठे कापलं, भाजलं तर मामांना स्वतःला कळणार नव्हतं. तपासून झाल्यावर मामींनी कापसाची वात घेतली. डोळे मिटायला लावून तळव्याला ठिकठिकाणी लावायची आणि विचारायचं, असं हॉस्पिटलातल्या नर्सने शिकवलं होतं.

मामांनी आज्ञाधारक मुलासारखे डोळे मिटले.

"कळता?" मामींनी घरच्या मालवणीत विचारलं.

"कळता," मामा लगेच म्हणाले.

कापूस अजून मामींच्या चिमटीत होता, पायापासून वीतभर लांब. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी तो हळूच तळव्याला टेकवला आणि आवाज जराही न बदलता विचारलं, "आणि आता?"

मामा डोळे मिटूनच होते. चेहऱ्यावर हसू होतं.

"हां," ते म्हणाले, "कालच्यापेक्षा जास्त."