पुढच्या गड्यानं मागं बघायचं नाही

अवसरी खुर्दच्या अलीकडं बटाट्याच्या बियाण्याचं एक जुनं गोदाम आहे. त्यात दोन कोर्टं आखून मी पोरांना बॅडमिंटन शिकवतो. पावसाळ्यात अजूनही भिंतींना बटाट्याचा वास सुटतो आणि कॉलेजातल्या पोरी नाक मुरडतात. मी म्हणतो, नाक मुरडा, पण पाय हलवा. माझ्या तोंडाला लगाम नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. आईबाप पोरं आणून सोडतात तेव्हाच सांगून ठेवतात, सर ओरडतात, मनावर घ्यायचं नाही.

डबल्स शिकवताना पहिल्याच दिवशी एक नियम सांगतो. जोडीतला एक मागं राहून हाणतो, दुसरा जाळीपाशी उभा राहतो. मागच्यानं मारायला हात उचलला की पुढच्यानं मागं बघायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. नियम डोक्यात बसावा म्हणून वर एक गोष्ट सांगतो. माझा एक जोडीदार होता, भर मॅचमध्ये मागं वळला, माझं फूल त्याच्या डोळ्यावर बसलं, डोळा गेला. फूल म्हणजे शटल, आम्ही तेच म्हणायचो. एवढं ऐकलं की पोरं गप्प होतात. बरीच वर्षं मी ही गोष्ट सांगत आलोय. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त एक वाक्य मी दर वेळी गाळत आलो.

तो निमगाव साव्याचा, मी अवसरी बुद्रुकचा. जुन्नर-आंबेगावात कुठंही डबल्सची स्पर्धा असली की आम्ही दोघं एका मोटारसायकलवर हजर. मी मागून मारायचो. नुसतं मारायचो, दुसरं काही येतच नव्हतं. समोरच्यांना फूल उचलायला भाग पाडायचं, ते माझ्या डोक्यावर येईल असं बघायचं, हे सगळं काम त्याचं. लोक टाळ्या मला वाजवायचे आणि मीही त्या बिनदिक्कत घ्यायचो. हरलो की मात्र चूक त्याची. परतीच्या रस्त्यावर मी गाडी चालवता चालवता त्याला झाडायचो आणि तो मागं बसून म्हणायचा, "बरं राव, पुढच्या टायमाला बघू." त्याच्या त्या शांतपणाचाही मला राग यायचा.

त्या दिवशी मंचरला एका मंगल कार्यालयात फायनल होती. आदल्या दिवशी तिथं लग्न झालेलं. फरशीवर पट्ट्या चिकटवून कोर्ट केलेलं, पण कोपऱ्याकोपऱ्यात अक्षता तशाच पडल्या होत्या. माझा गुडघा सकाळपासून दुखत होता. फार नाही, थोडासा. पण हरलो तर तोंड लपवायला काहीतरी हाताशी असावं म्हणून मी जरा जास्तच लंगडत होतो. त्यानं बिचाऱ्यानं स्वतःच्या गुडघ्याची पट्टी काढून माझ्या गुडघ्याला बांधली. मग उकिडवा बसून माझ्या बाजूच्या अक्षता तळहातानं गोळा केल्या आणि खिशात भरल्या. म्हणाला, "गुडघ्यानं दगा दिला तर नुसता आवाज दे. मी बघतो काय करायचं ते." मी हूं म्हटलं. माझं लक्ष समोरच्या जोडीकडं होतं.

तिसऱ्या गेमला त्याच्याकडून लागोपाठ दोन फुलं जाळीत गेली. माझं डोकं सणकलं. पुढच्याच फुलाला समोरच्यानं उंच उचलून दिलं, अगदी माझ्या हातावर. मी उडी घेतली, हात मागं नेला आणि मारायच्या आधीच त्याच्या पाठीवर ओरडलो, "झोपला का रे मुडद्या?"

तो वळला.

हॉलमध्ये पंखे घोंघावत होते, बाहेर जनरेटर, आत शंभर माणसं. स्मॅश मारताना मी तसाही बोंबलायचोच, त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटलं नाही. तो खाली बसला, दोन्ही हात डोळ्यावर. गर्दीतून पहिलं वाक्य आलं ते असं, "वळला कशाला येडा?" दुसरा म्हणाला, नव्या पोरानं पण अशी चूक केली नसती. मी ते ऐकलं आणि गप्प बसलो. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? मीच पुढं होऊन म्हणालो, मागं वळला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मलाच माहीत.

तेव्हा तो पोलीस भरतीची तयारी करत होता. पळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ते सगळं तिथंच संपलं. मी त्याला दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळेला त्याच्या आईनं चहा दिला, आणि दोन्ही वेळेला तो मला विचारत राहिला, नवा जोडीदार मिळाला का. तिसऱ्यांदा जायचं धाडस झालं नाही. जोडीदार मिळत गेले, पण एकही वर्षभराच्या वर टिकला नाही. ढाली मात्र जिंकल्या. आजही त्या गोदामात लावलेल्या आहेत, पोरांना दिसाव्यात म्हणून.

या वर्षी जूनमध्ये इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी यायला लागली. हॉस्टेलला राहते, बोलणं कमी. जाळीपाशी अशी उभी राहायची की बघत राहावं. मागची पोरगी कितीही जोरात मारो, हिची मान हलत नव्हती. मी सगळ्यांना म्हटलं, बघा, असं उभं राहायचं. आणि त्या भरात माझी ती ठरलेली गोष्ट पुन्हा सांगितली, डोळ्याची.

गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, "सर, ते माझे पप्पा."

आता ही सगळ्यांसमोर खरं सांगणार असं वाटलं. क्षणभर बरंही वाटलं, सुटलो एकदाचा. पण ती म्हणाली, "पप्पा पण हेच सांगतात. चूक माझीच व्हती म्हणतात. मला म्हणाले, त्या सरांकडंच शिक, मागून मारावं तर त्यांनीच."

तिनं मला वाचवायला हे म्हटलं नव्हतं. तिला दुसरं काही माहीतच नव्हतं. तिच्यासमोर मी तिच्या बापाला वेडा ठरवला होता, आणि तिनं मान डोलावली होती. मला माझीच किळस आली.

ती रविवारी घरी जाणार होती. मी म्हटलं, मी सोडतो, मलाही यायचंय. तासाभरात निमगाव साव्याला पोचलो. त्याचं आता मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. तांब्याची तार घालताना मान तिरकी करून उजव्या डोळ्यानं बघतो. मला बघून हसला, जणू मी गेल्या आठवड्यात येऊन गेलो होतो. "या पावणं, वाट चुकला का?" चहा त्यानंच ओतला. किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवली आणि मग ओतला. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, म्हणून. ते बघितलं आणि मला थांबवेना.

पोरगी आत जायला निघाली. तिला म्हटलं, थांब, तुझ्यासमोरच बोलायचंय. आणि त्याला सांगितलं. मी ओरडलो होतो. तुला शिवी घातली होती. म्हणून तू वळलास. आणि एवढी वर्षं मी लोकांना सांगत आलो की तू आपणहून वळलास.

त्यानं माझा कप माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "शिवी व्हती व्हय? ती न्हाई कळली मला."

"मग वळलास कशाला?"

"तुझी आरोळी फूल मारल्यावर यायची. कायम. मागं न बघता मला कळायचं तू कवा मारलं. त्या टायमाला आधी आली." त्यानं चहाचा घोट घेतला. "मला वाटलं गुडघा गेला तुझा. आवाज दे म्हणलो व्हतो ना मी."

तो मला सांभाळायला वळला होता. त्या गुडघ्यासाठी वळला होता, ज्याला विशेष काही झालंच नव्हतं. तोंड उघडलं, पण हे एवढं मात्र बाहेर येईना. शिवी कबूल केली, खोटं कबूल केलं, आणि ते लंगडणं पुन्हा गिळून टाकलं. पोरगी दारात उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, बापाकडं बघत होती.

सोमवारी मी पोरांना गोष्ट परत सांगितली, गाळलेल्या वाक्यासकट. म्हटलं, नियम पुढच्याला आहे, तसा मागच्यालाही आहे. मारताना जोडीदारावर ओरडायचं नाही. एका पोरानं विचारलं, सर, तुम्ही तर आमच्यावर रोज ओरडता. मी म्हटलं, तेच तर.

सगळे गेल्यावर ती पिशवी घेऊन आली. आत तेलाची बाटली होती, घरी उकळलेलं, लसूण घातलेलं. "पप्पांनी दिलंय," ती म्हणाली. "थंडीत तुमचा गुडघा अजून दुखत असंल म्हणाले. डाव्याला लावा."

मी बाटली हातात धरून उभा राहिलो. तो डावा होता की उजवा, मला काही केल्या आठवेना.